'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध?

शेजारची बारावीतली मुलगी मुलाखतीसाठी स्वतःविषयी चार ओळी इंग्रजीत लिहून माझ्याकडे आली. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांच्याविषयी लिहिलं होतं, ते आमच्या गावात 'नोटोरियस' आहेत. क्लासमधून मिळालेल्या हजार शब्दांच्या यादीत त्यापुढे छापलंय 'प्रसिद्ध'. पोरीनं मन लावून पाठ केलं. यादी करणाऱ्यानं 'कु' गाळला आणि एका कष्टाळू माणसाची त्याच्याच लेकीच्या हातून बदनामी झाली.

मला या याद्यांचा खरंच राग येतो. किनाऱ्यावरच्या घरांतून पोटाला चिमटा काढून फी भरली जाते आणि पदरात पडते ती झेरॉक्स. निरर्थक अक्षरं पाठ केली की ती किती भराभर उडून जातात, हे हर्मान एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं होतं. पोरांच्या दृष्टीनं ही यादी तशीच असते. शिवाय शब्दाचा शेजार त्यात नसतोच. आपल्याकडे पाऊसही जोराचा, वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. हे कोण सांगणार?

त्या संध्याकाळी मी तिला एकच शब्द दिला, 'टाइड'. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे 'स्प्रिंग टाइड'. तिला वाटलं, वसंतातली भरती. पण इथे स्प्रिंग म्हणजे उसळणं. उधाण काय, बारा महिने येतं. मग अष्टमीच्या सुमाराची 'नीप टाइड' सांगायला लागले, तर मला थांबवून म्हणाली, "म्हणजे भांग! भांगाक पाणी जास्त चढना नाय." हा शब्द आता तिला घोकावा लागणार नाही. ओहोटीला 'एब', आणि माणसाची उमेद खचली की तीही 'लो एब'ला जाते. अडचणीच्या दिवसांत निभावून नेणं ते 'टाइड ओव्हर'. १ जूनला मासेमारी बंदी लागली की घर कसं निभावतं, हे तिला मी काय शिकवणार? तिनंच वाक्य केलं: आईनं सुक्या मासळीच्या पैशांवर आम्हाला पावसाळाभर 'टाइड ओव्हर' केलं.

मुंगसाचं 'मॉन्गूस' आपल्या मराठीतूनच तिकडे गेलंय, हे ऐकून तर तिचा चेहरा फुलला.

मग तिनं 'नोटोरियस' खोडून 'रिस्पेक्टेड' लिहिलं आणि विचारलं, "काकू, तांडेलाक इंग्लिशीत काय म्हणतत?"

"स्किपर."

तोही तिनं वडिलांच्या नावापुढे लिहिला.