वेबने महास्फोट पुसला म्हणे!

हा मेसेज दर पाच-सहा महिन्यांनी उगवतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने महास्फोटाचा, म्हणजे बिग बँगचा, सिद्धांत खोटा ठरवला, विश्व प्रसरण पावतच नाही, त्याचं वय 26.7 अब्ज वर्षं निघालं, शास्त्रज्ञांची पाचावर धारण बसली आणि आपल्या नारळीकरांनी हे कधीच सांगून ठेवलं होतं, असा त्याचा एकूण नूर. परवा आमच्या काकांनी पाठवला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. काका निवृत्त इंजिनिअर आहेत, मुद्देसूद बोललेलं ऐकून घेतात. म्हणून हे उत्तर.

आधी एक बारीकशी खूण. मेसेजमध्ये सरसकट ‘आकाशगंगा’ सापडल्यात. मराठीत आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी. हिंदीत सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणतात; म्हणजे मजकूर हिंदीतून उचललेला.

आता ती घबराट. जुलै 2022 मध्ये वेबची पहिली चित्रं आली आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लिओनार्दो फरेरा आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध टाकला. शीर्षकाची सुरुवात ‘पॅनिक! ॲट द डिस्क्स’. ‘पॅनिक! ॲट द डिस्को’ या अमेरिकन रॉक बँडच्या नावावरची ही कोटी. निबंधाचं म्हणणं इतकंच, की तबकडीच्या आकाराच्या दीर्घिका आधीच्या हबल दुर्बिणीने दाखवल्या त्यापेक्षा बऱ्याच आधीपासून दिसतात. पण महास्फोट झालाच नाही असं 1991 पासून सांगत आलेल्या एरिक लर्नर यांनी ऑगस्टमधल्या लेखात हे शीर्षक खऱ्याखुऱ्या घबराटीचा पुरावा म्हणून वापरलं. सोबत कॅन्सस विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञ ॲलिसन कर्कपॅट्रिक यांचं एक वाक्य जोडलं: पहाटे तीनला जाग येते आणि आपलं सगळं काम चुकलं की काय असं वाटतं. त्या बोलत होत्या दीर्घिकांच्या घडणीबद्दल. वैतागून त्यांनी ट्विटरवर आपल्या नावातच ‘महास्फोट झाला होता’ हे शब्द घुसवले! मेसेजमधली घबराट ती एवढीच.

मेसेजचा खरा कणा आहे ‘अशक्य’ दीर्घिकांचा. यात तथ्य आहे, आणि तेच सोयीस्करपणे वाकवलंय. फेब्रुवारी 2023 मध्ये सहा संभाव्य दीर्घिका जाहीर झाल्या. महास्फोटानंतर 50 ते 70 कोटी वर्षांतल्या, आणि तरी काहींचं वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या पंगतीला बसणारं. इतकं लवकर इतकं मोठं? प्रश्न रास्तच होता.

पण ‘संभाव्य’ या शब्दाकडे बघा. वेब आधी वेगवेगळ्या फिल्टरमधून नुसती चित्रं घेते. कुठल्या फिल्टरमध्ये वस्तू दिसेनाशी होते त्यावरून ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट, अंदाजाने काढतात. प्रकाश किती लालकडे सरकला त्याचा हा आकडा; तो जितका मोठा, तितकी वस्तू लांबची आणि जुन्या काळातली. पक्की ताम्रसृती हवी तर वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगवार फोड, लागतो. सीअर्स-93316 नावाच्या एका ठिपक्याची ताम्रसृती अशी अंदाजाने 16.4 निघाली. म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम 25 कोटी वर्षं, तेव्हाचा विक्रमच. 2023 मध्ये वर्णपट घेतला, तर आकडा आला 4.9. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ठळक रेषा नेमक्या अशा फिल्टरमध्ये पडल्या होत्या, की जवळची धुळकट दीर्घिका लांबची वाटावी. त्या सहांपैकीही निदान एकीचा प्रकाश बराचसा मधल्या कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचा निघाला. तो ताऱ्यांचा धरला, की वस्तुमान फुगणारच.

सगळेच आकडे असे कोसळले नाहीत, हेही सांगायला हवं. जेड्स-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका वर्णपटाने पक्की झाली आहे. महास्फोटानंतर सुमारे 30 कोटी वर्षांची, आणि अपेक्षेपेक्षा खूपच तेजस्वी. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच चित्रांत अलकनंदा नावाची दीर्घिका शोधली. विश्व दीडेक अब्ज वर्षांचं असताना तिला दोन रेखीव सर्पिल भुजा आहेत. म्हणजे दीर्घिका आपल्याला वाटलं त्यापेक्षा लवकर वयात आल्या. तारे सलग न जन्मता झटक्याझटक्याने जन्मले का, धूळ कमी होती का, यावर आता जोरात काम चाललंय. दीड वर्षाच्या पोराला मिशा फुटल्या तर डॉक्टर हार्मोन तपासतात; पोर जन्मलंच नाही असा दाखला देत नाहीत.

26.7 अब्जांचा आकडा ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्तांचा, 2023 चा. मेसेजवाल्याने निबंध बघितला नसावा, कारण त्यातही विश्व प्रसरण पावतंच. फक्त जोडीला ‘थकलेला प्रकाश’ आहे: प्रकाश वाटेत ऊर्जा गमावून लाल होतो अशी जुनी कल्पना. पण नुसता थकून प्रकाश लाल होईल, लांबची घटना जास्त वेळ चालताना दिसणार नाही; ते प्रसरणानेच होतं. 2024 मध्ये 1,504 सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, तपासले, तेव्हा लांबचे स्फोट ताम्रसृतीच्या हिशेबाने जितके सावकाश विझायला हवेत, तितकेच सावकाश विझताना दिसले. थकव्याला जागा उरली नाही. शिवाय आपल्या आकाशगंगेतले सर्वांत म्हातारे तारकागुच्छ 12-13 अब्ज वर्षांचेच आहेत. आधीच्या एवढ्या काळातले तारे गेले कुठे?

आणि नारळीकर. काका, यावर मी जरा अडूनच बसणार आहे. त्यांनी महास्फोटावर आयुष्यभर शंका घेतली हे खरं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत स्थिर स्थितीच्या (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम सारखंच असतं या सिद्धांताच्या) बाजूने लढले, 1993 मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर तिचं सुधारलेलं रूपही मांडलं. पण या दोन्हींत विश्व प्रसरण पावतं! त्यांचा आक्षेप होता तो सुरुवातीच्या एकाच क्षणाला. प्रसरण नाकारणाऱ्यांच्या रांगेत त्यांना उभं करणं म्हणजे त्यांचं काम न वाचताच फोटोला हार घालणं.

गंमत अशी, की मूळ स्थिर स्थितीला नडणारं एक मोजमाप त्यांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून आलं. आज अवकाशभर 2.7 केल्विनचं पार्श्वप्रारण, म्हणजे सगळीकडून येणारी मंद सूक्ष्मलहरींची ऊब, पसरलंय. विश्व कायम असंच असेल, तर पूर्वीही तापमान तेवढंच हवं. 2000 मध्ये आयुकाचे आर. श्रीआनंद आणि फ्रान्समधले सहकारी यांनी एका क्वेसारच्या (अतिदूरच्या, फार तेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) प्रकाशाच्या वाटेतल्या वायूढगातले कार्बनचे अणू तपासून तिथलं तापमान काढलं, ताम्रसृती 2.34. महास्फोटाच्या हिशेबाने तिथे 9.1 केल्विन असायला हवं होतं. मोजलेलं तापमान आलं 6 ते 14 च्या दरम्यान.