विमानातल्या मागच्या खुर्च्या कुणासाठी असतात?

सध्या कोल्हापुरातल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. तालीम मंडळाच्या ग्रुपवर तो आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, आणि पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीनं तो पाठवून मला विचारलं, "सर, हे खरं आहे का?" मजकुराचा गोषवारा असा: राष्ट्रपती-पंतप्रधानांबरोबर जाणारे पत्रकार जनतेच्या पैशानं जग फिरायचे, विमान फुकट, पंचतारांकित हॉटेल फुकट. काम म्हणाल तर सरकारी निवेदन उतरवून पाठवायचं. आता सगळं थेट प्रक्षेपणात दिसतं, मग त्यांची गरजच काय? आणि ज्याच्या विमानात बसायचं त्याला प्रश्न कोण विचारणार? 2014 नंतर ही चैन बंद झाली, देशाचे पैसे वाचले, कुणाचं काही अडलं नाही.

त्या मुलीला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी जिल्ह्याच्या पातळीवर बातमीदारी केलेला माणूस. त्या विमानात बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, त्यामुळे माझी कुठलीही सोय यात गुंतलेली नाही.

आधी पैशाचं बघू. भारतात पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यात साधारण तीसेक पत्रकार बरोबर नेण्याची पद्धत होती. विमानप्रवासाचे पैसे त्यांना पडत नव्हते, हे खरं. पण हॉटेलचा खर्च त्यांच्या संस्थेनं सोसायचा असे. मजकुरात हॉटेलही फुकट म्हटलंय, ते चूक. विमानाचं म्हणाल तर ते पत्रकारांसाठी उडत नव्हतं. आधी एअर इंडियाचं बोइंग 747 होतं, 2020 पासून हवाई दल चालवत असलेली बोइंग 777 आहेत. मागच्या खुर्च्या भरल्या काय, रिकाम्या राहिल्या काय, विमान जाणारच. तरीही विमानभाडं संस्थेनं भरावं, असं माझंही मत आहे. अमेरिकेत तसंच चालतं. एअर फोर्स वन या अध्यक्षांच्या विमानाच्या मागच्या भागात बसणाऱ्या पत्रकारांच्या प्रवासाचं बिल त्यांच्या संस्थांकडे जातं. तक्रार फुकट तिकिटाची असेल, तर त्यावर इलाज तिकीट लावणं हा आहे. त्यासाठी माणूसच विमानातून उतरवायची गरज नव्हती.

चैनीबद्दल फार लिहीत नाही. कोल्हापुरात ज्यांनी कुठल्याही मोठ्या नेत्याचा दौरा कव्हर केलाय, त्यांना विचारा. 2 सप्टेंबर 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू वारणा महिला उद्योग समूहाच्या सुवर्णमहोत्सवासाठी वारणानगरला आल्या होत्या. अशा दौऱ्यात पाससाठी नावं आधी द्यायची, पोलिस पडताळणी व्हायची, कॅमेरे तपासून घ्यायचे, कार्यक्रमाच्या कितीतरी आधी जागेवर जाऊन बसायचं, आणि एकदा बसलं की उठायचं नाही. हे झालं एका दिवसाचं. बरोबर प्रवास करणारा पत्रकार हे रोज वेगळ्या शहरात करतो. सामान काही तास आधी सुरक्षा यंत्रणेच्या ताब्यात द्यायचं. भेटीच्या दालनात मिनिटभर सोडतात, तेवढ्यात काय दिसलं, काय ऐकलं ते टिपायचं आणि बसमध्ये बसून बातमी पाठवायची. ताफ्याची गाडी चुकली तर कुणी थांबत नाही.

आता थेट प्रक्षेपणाचा मुद्दा. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो पटकन पटतो. थेट प्रक्षेपणात आपल्याला दिसतं ते यजमान आणि पाहुणा या दोघांनी मिळून दाखवायचं ठरवलेलं. कॅमेरा कुठं लावायचा, कधी बंद करायचा, आवाज द्यायचा की नाही, हे सगळं ठरलेलं असतं. इतिहास घडला तो बऱ्याचदा ठरलेल्या चौकटीच्या बाहेर.

22 नोव्हेंबर 1963, डॅलस. केनेडींच्या ताफ्यात मागे पत्रकारांची गाडी होती. तिच्यात यूपीआय या वृत्तसंस्थेचे मेरिमन स्मिथ पुढच्या सीटवर, रेडिओ टेलिफोनशेजारी बसले होते. गोळ्यांचे आवाज ऐकताच त्यांनी फोन उचलून बातमी सांगायला सुरुवात केली. मागे बसलेले एपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेचे प्रतिनिधी फोन हिसकावू पाहत होते, स्मिथनी तो सोडला नाही. काही मिनिटांत बातमी जगभर गेली आणि पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. त्याच दुपारी डॅलसच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एअर फोर्स वनमध्ये लिंडन जॉन्सन यांचा शपथविधी झाला. विमानात स्मिथ, न्यूजवीकचे चार्ल्स रॉबर्ट्स आणि वेस्टिंगहाऊस रेडिओचे सिड डेव्हिस होते. शपथविधी बघून डेव्हिस खाली उतरले आणि धावपट्टीवर जमलेल्या इतर पत्रकारांना त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच्या रेडिओसाठी राखून ठेवलं नाही. याला 'पूल' म्हणतात. सगळ्यांना जागा नसते म्हणून काही जण जातात, आणि जे बघतील ते सगळ्यांना देतात.

आपल्याकडचं उदाहरण ताश्कंदचं आहे. 10 जानेवारी 1966 ला करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचं निधन झालं. पत्रकार कुलदीप नय्यर तेव्हा तिथंच होते. मध्यरात्री त्यांनी दिल्लीतल्या यूएनआय या वृत्तसंस्थेच्या कार्यालयात फोन लावून बातमी दिली. करार झाला, सह्या झाल्या, म्हणजे दौऱ्याची बातमी संपली असं समजून सगळे पत्रकार परतले असते तर?

11 सप्टेंबर 2001 ला बुश यांचं विमान फ्लोरिडाहून निघून लुइझियाना, मग नेब्रास्काच्या हवाई तळावर गेलं. लुइझियानात बरेच पत्रकार उतरवले, पण सगळे नाही. अध्यक्ष कुठं आहेत याबद्दल देशभर अफवा उठत असताना, सरकारच्या नोकरीत नसलेली काही माणसं त्यांच्याबरोबर होती. आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी रोज मोजतात. ती रोज 39 फुटांची इशारा पातळी ओलांडते म्हणून नव्हे, ज्या दिवशी ओलांडेल त्या दिवशी मोजणारा तिथं असावा म्हणून. पुष्कळ दौऱ्यांत काहीच घडत नाही. ते आधी कुणाला माहीत नसतं.

पुढचा आरोप, विमानात बसणारा मिंधा होतो. यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारणं बरं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट चाकाच्या खुर्चीत असत, आणि त्यांच्याभोवतीचे पत्रकार-छायाचित्रकार बहुतेक वेळा ते लोकांना दाखवत नसत. जवळीक माणसाला मऊ करते. पण सगळ्यांनाच करते का? सबरीना सिद्दिकी यांचं बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये बायडेन गुप्तपणे कीव्हला गेले. बरोबर दोनच पत्रकार: वॉल स्ट्रीट जर्नलच्या सिद्दिकी आणि एपीचे छायाचित्रकार इव्हान वुची. फोन काढून घेतलेले, सूचनेच्या ई-मेलचा विषय गोल्फ स्पर्धेचा, पोलंडमधून रात्रभर रेल्वे. एवढा विश्वास टाकला गेलेल्या त्याच सिद्दिकींनी जूनमध्ये व्हाइट हाऊसच्या पत्रकार परिषदेत आपल्या पंतप्रधानांना अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दल आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल विचारलं. बायडेन शेजारीच उभे होते. त्यानंतर समाजमाध्यमांवर सिद्दिकींचा इतका छळ झाला, की व्हाइट हाऊसला जाहीर निषेध करावा लागला. प्रश्न आवडो न आवडो, पण विमानातली जागा मिळाली म्हणून तोंड बंद झालं नाही, हे तर दिसलं ना?

आपल्याकडचंच आठवा. मनमोहन सिंग परतीच्या विमानात पत्रकारांशी बोलत. ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेहून येताना त्यांना दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींना वाचवणाऱ्या अध्यादेशावर राहुल गांधींनी केलेल्या टीकेबद्दल विचारलं गेलं, राजीनामा देणार का म्हणून. त्याच महिन्यात चीनहून येताना कोळसा खाणवाटपाबद्दल विचारलं, तेव्हा आपण कायद्यापेक्षा मोठे नाही, असं त्यांनी सांगितलं. दौरा परदेशाचा, पण देशातले नको असलेले प्रश्न तिथंच अंगावर आले. फुकट तिकिटावर बसलेल्या लोकांनीच ते विचारले.

सत्तेला या खुर्च्या बिनकामाच्या वाटत असत्या, तर त्यांच्यावरून एवढी ओढाताण झाली नसती. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताला दिलेलं 'अमेरिकेचं आखात' हे नवं नाव वापरत नाही म्हणून एपीला ओव्हल ऑफिस आणि एअर फोर्स वनमधून बाहेर काढलं गेलं, आणि पूलमध्ये कोण जाणार हे व्हाइट हाऊसच ठरवू लागलं. एपी न्यायालयात गेली. एप्रिलमध्ये एपीच्या बाजूनं निकाल लागला, जूनमध्ये वरच्या न्यायालयानं त्याला बऱ्याच अंशी स्थगिती दिली. सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 साठी बायडेन दिल्लीला आले आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानी चर्चा झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या पत्रकारांना बाहेर गाड्यांमध्येच बसवून ठेवलं होतं. बायडेन यांनी पत्रकार परिषद घेतली ती दोन दिवसांनी हनोईत. मानवी हक्क आणि स्वतंत्र वृत्तपत्रांचा विषय दिल्लीत काढला होता, हे त्यांनी तिथं सांगितलं.

राहिला शेवटचा दावा: 2014 नंतर कुणाचं काही अडलं नाही. दिल्लीतल्या मोठ्या वाहिन्यांचं नाही अडलं. त्या स्वतःच्या पैशानं आपला माणूस न्यूयॉर्कला पाठवू शकतात. अडलं ते भाषिक वृत्तपत्रांचं, म्हणजे माझं आणि हा मजकूर पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकाचं. पूर्वी त्या तीसेक जणांत भाषिक वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही असत. आता दूरदर्शन, आकाशवाणी आणि वृत्तसंस्थांचे मोजके लोक जातात. वृत्तसंस्थेचा बातमीदार देशाचं म्हणून जे आहे ते विचारेल. शिरोळच्या ऊसकऱ्याचं कोण विचारणार?

भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला, भारतानं अपील केलं. उसाच्या एफआरपीचा, म्हणजे सरकार ठरवतं त्या किमान दराचा, मुद्दाही त्या वादात होता. आपल्या जिल्ह्यात दर हंगामाला ज्या दरावरून रस्ते अडतात, तोच. पंतप्रधान नोव्हेंबर 2024 मध्ये ब्राझीलला गेले, जुलै 2025 मध्ये पुन्हा गेले. साखरेचा विषय निघाला का, निघाला तर ब्राझील काय म्हणाला, हे विचारायला ज्याच्या दारात उसाच्या गाड्या थांबतात असा बातमीदार तिथं हवा होता. चपलेचंही तेच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडं संताप झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. इटलीच्या दौऱ्यात हा प्रश्न कोल्हापूरचा पत्रकारच रेटून विचारेल. दिल्लीच्या पत्रकारासाठी ती एक गमतीदार बातमी असते, सुभाषनगरातल्या कारागिरासाठी पोटाचा प्रश्न.

म्हणून माझं म्हणणं, खुर्च्या परत सुरू करा, पण भाडं लावून. राष्ट्रपती असोत की पंतप्रधान, दोघांच्याही दौऱ्यांत. नावं सरकारनं निवडू नयेत, संपादकांच्या आणि पत्रकारांच्या संघटनांनी पाळीपाळीनं द्यावीत, आणि त्यात जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांची पाळी राखून ठेवावी. बरोबर गेलेल्यानं जे पाहिलं-ऐकलं ते त्याच दिवशी सगळ्यांना मोफत द्यावं, म्हणजे ज्याला भाडं परवडत नाही त्या तालुक्याच्या साप्ताहिकालाही ते छापता येईल. परतीच्या प्रवासात किमान अर्धा तास प्रश्नांसाठी असावा, आणि प्रश्न आधी लिहून मागू नयेत.