खासगी कंपन्या आल्या म्हणून फोन स्वस्त झाला?

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो: 'सरकारी फोनसाठी वर्षानुवर्षं रांग होती. खासगी कंपन्या आल्या आणि फोन स्वस्त झाला. सरकारने बाजूला व्हावं, हीच खरी सुधारणा.' रांगेचं खरं आहे. आमच्या घरी नंबर लागेपर्यंत मी शाळेतून कॉलेजात गेले होते. पुढचं मात्र पटत नाही.

रांग होती म्हणून सगळं ठप्प होतं असं नाही. १९८४ साली सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं आणि त्याने एसीशिवाय चालणारी, खेडोपाडी टिकणारी टेलिफोन एक्स्चेंजेस बनवली. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओही खासगी मोबाइल यायच्या आधीचे. सीताबर्डीच्या बूथवर दर उतरायची वाट बघत लोक रात्री बाकावर बसायचे. आत आई पुण्याच्या मामाशी बोलायची, पण तिचं अर्धं लक्ष मीटरवरच्या पळत्या लाल आकड्यांकडे असायचं.

आता 'आल्या आणि स्वस्त झालं' याबद्दल. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. त्यानंतर कितीतरी वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. बाबा मोबाइल वाजला की कट करायचे आणि घरच्या फोनवरून उलट लावायचे. कंपन्यांनी परवान्यासाठी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या. ठरलेली फी भरताना त्यांचा दम निघत होता, मग दर उतरणार कुठून? १९९९ च्या धोरणाने ती फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २००२ मध्ये सरकारी बीएसएनएल मोबाइलमध्ये उतरलं. मे २००३ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे ठरलं आणि इनकमिंग फुकट झालं. खासगी कंपन्या तर आधीपासूनच होत्या, बदलले ते नियम, आणि ते सरकारने आणि ट्रायने बदलले.

राहिलं 'बाजूला व्हा'. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तेही जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेल्या नियमामुळेच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा हाच मेसेज टाकणारे आमच्या ग्रुपमधले दोघं बीएसएनएलमध्ये गेले आणि आठवड्याभरात नेट चालत नाही म्हणून वैतागले. वैताग रास्तच आहे. पण खासगी ४जी २०१२ मध्येच सुरू झालं होतं, आणि बीएसएनएलला ४जी स्पेक्ट्रम, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या रेडिओलहरी, द्यायचा सरकारचा निर्णय व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडला.