‘दोन रात्री कोठडीत ठेवा, सुतासारखी सरळ होतील’

शाळांना बॉम्बच्या धमकीचे मेल येऊ लागल्यापासून आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: आमच्या वेळी छडी होती म्हणून पोरं असली थेरं करत नव्हती, आता कायद्याने मास्तरांचे आणि पोलिसांचे हात बांधलेत, अठराच्या आतला काहीही करो, निबंध लिहून सुटतो, तेव्हा अशा कार्ट्यांना शाळेतून काढा, दोन रात्री कोठडीत ठेवा, फोटो पेपरात छापा, बाकीचे आपोआप सरळ होतील. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘छडी होती तेव्हा असले प्रकार नव्हते’

हे त्याच ग्रुपवर, जिथे दर दिवाळीला मुतारीतल्या सुतळी बॉम्बची आठवण निघते आणि सगळे खो खो हसतात! नववीत होतो. वातीला अगरबत्ती जोडून बॉम्ब कोपऱ्यात ठेवला आणि ठेवणारे साळसूदपणे वर्गात येऊन बसले. मधे शिपाईमामा पाण्याची टाकी बघायला आत गेले आणि नेमका तेव्हाच तो उडाला. हेडसरांनी मागच्या दोन बाकांवरच्या आठ जणांना बाहेर काढलं. प्रत्येकी सहा छड्या. केलं होतं दोघांनी, सहा जणांनी फुकट मार खाल्ला. त्या दोघांतला एक मी.

मधल्या सुट्टीत आम्ही वळ मोजत होतो, कुणाचे जास्त लाल म्हणून. पुढचे आठ दिवस शाळेत आमची कॉलर ताठ होती. मामांच्या डाव्या कानात मात्र कितीतरी महिने शिट्टी वाजत राहिली. घंटेचा टोल देताना ते मान तिरकी करायचे. त्यांच्यासमोर आम्हाला कुणी उभं केलं नाही, औषधाचे पैसे आमच्या घरून कुणी मागितले नाहीत. सहा छड्या खाल्ल्या, हिशेब मिटला, असंच आम्ही धरून चाललो. छडीचा हा सगळ्यात मोठा फायदा. अर्थात खोडी करणाऱ्याला.

‘अठराच्या आतला निबंध लिहून सुटतो’

निबंधाचं खूळ आलं ते मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातावरून. त्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीने दोन जीव गेले, तो खोडीचा मामलाच नव्हता. तीनशे शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. अट हास्यास्पद होती हे मान्य. लोक चिडले ते योग्यच. काही दिवसांतच बाल न्याय मंडळाने (अठराच्या आतल्यांची प्रकरणं याच्यापुढे चालतात) आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं होतं, पण निबंध जेवढा गाजला तेवढं ते गाजलं नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात हात बांधलेले नाहीत, हाताला वळण लावलेलं आहे. गुन्ह्यांचे तीन कप्पे आहेत: तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि किमान सात वर्षांचे निर्घृण. खोटी माहिती देऊन लोकांत घबराट पसरवणं, धमकी देणं यातलं बरंचसं पहिल्या दोन कप्प्यांत बसतं. तिथे पोलीस एरवी एफआयआर दाखल करत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद घेतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळापुढे ठेवतात. पकडलंच तर चोवीस तासांत मंडळासमोर उभं करायचं. मग मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन लावू शकतं, देखरेखीखाली समाजसेवा करायला लावू शकतं, आईबापांना दंड भरायला लावू शकतं, आणि गरज पडली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानांना धमक्या दिल्याबद्दल मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधल्या सतरा वर्षांच्या मुलाला शोधून ताब्यात घेतलंच होतं. याला ‘सुटतो’ म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आणि कोठडीतल्या त्या दोन रात्री? विधिसंघर्षग्रस्त बालकाला (हा शब्द पोलीस ठाण्यातलाच, माझा नव्हे) लॉकअपमध्ये ठेवायला कायद्याने साफ मनाई आहे. म्हणजे फॉरवर्ड मानलं तर कायदा मोडणाऱ्यांत फौजदारसाहेबही आले.

‘एकदा तुरुंग दाखवा, घाबरतील’

हा प्रयोग होऊन गेलाय. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात वाह्यात पोरांना आत नेऊन, जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवायचा कार्यक्रम सुरू झाला. बघणाऱ्यांना फार आवडला, ठिकठिकाणी नक्कल झाली. नंतर संशोधकांनी अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. एका गटाला तुरुंगाची सैर, दुसऱ्याला काहीच नाही, असं चिठ्ठी टाकल्यासारखं वाटप केलेल्या त्या चाचण्या. सैर करून आलेल्यांनी पुढे जास्त गुन्हे केले. काहीच न करणं परवडलं असतं.

‘शिक्षा जबर असली की धाक बसतो’

मुंबईच्या लोकलचं उदाहरण घ्या. धुळवड जवळ आली की रुळांलगतच्या वस्त्यांमधून गाडीवर पाण्याच्या पिशव्या फेकल्या जातात, एरवी दगडही. दारात लटकणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर बसली की काय होतं ते नेहमीच्या प्रवाशाला सांगायला नको. जीव धोक्यात येईल अशा तऱ्हेने मुद्दाम गाडीवर काही फेकलं तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद १९८९ च्या रेल्वे कायद्यात आहे. याहून जबर काय आणणार? फेकणाऱ्या तेरा वर्षांच्या पोराने ते कलम वाचलेलं नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की गाडी थांबत नाही आणि आपल्याला कुणी बघितलेलं नाही. गस्त घालणारा जवान दिसला तर तो फेकत नाही. धाक बसतो तो सापडण्याचा, आणि लगेच सापडण्याचा. बेक्कारिया नावाच्या इटालियनाने हे १७६४ मध्येच लिहून ठेवलंय.

दिल्लीचं पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये शाळांना धमक्यांचे मेल आले, त्यातले काही रोहिणी भागातल्या विद्यार्थ्यांनीच पाठवल्याचं निघालं. कारण काय, तर परीक्षा पुढे ढकलायची होती! पोलिसांनी समुपदेशन करून, आईबापांना ताकीद देऊन सोडलं. इथे मात्र मी फॉरवर्डवाल्यांच्या थोडा जवळ आहे. त्या सकाळी बॉम्बशोधक पथक कुत्र्यांसह वर्गावर्गातून फिरलं असेल, लहानग्यांना मैदानात उभं केलं असेल, कुणाची आई ऑफिस टाकून धावत आली असेल. ‘पोरंच आहेत’ म्हणून हे झटकून टाकणं हा छडीचाच जुळा भाऊ: दोन्हींत ज्याला त्रास झाला तो हिशेबात नाही. त्या मुलांना मी पथकातल्या माणसांसमोर बसवलं असतं, पहिलीतल्या पोरांच्या पालकांसमोर बसवलं असतं, आणि ती परीक्षा त्याच आठवड्यात घेतली असती. मेल पाठवून काही मिळत नाही, हे परीक्षेला बसलेल्या अख्ख्या शाळेला कळलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये पकडलेल्या बारावीतल्या मुलाने तर चारशेहून जास्त मेल पाठवल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. ते खरं असेल तर त्याला खोडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे मंडळाने आपले सगळे अधिकार वापरावेत.

‘शाळेतून काढा’

आठवीपर्यंत काढताच येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं सोळावं कलम आहे. त्यापुढे दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात शेरा मारून काढता येईल; पोरगं दुसऱ्या शाळेत जाईल किंवा नाक्यावर उभं राहील. दोन्हीकडे त्याला ओळखणारे मास्तर नसतील.

‘फोटो छापा’

अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम. चौकशी आटोपल्यावर पोराचं रेकॉर्डही ठरावीक मुदतीनंतर एरवी नष्ट करायचं असतं, पुढे नोकरीच्या आड येऊ नये म्हणून.

परवा हा मजकूर ग्रुपवर तिसऱ्यांदा टाकणारा आमचा मित्र बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालाय. अगरबत्ती त्याच्या घरची होती.