पार्सल घरपोच आलं, म्हणून ते कायदेशीर झालं का?

गेल्या पंधरवड्यात यावल-रावेरकडच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरत आला. सार एवढंच: परदेशी फुलझाडं आणि बी खुशाल ऑनलाइन मागवा, थोड्या मालाला कागद लागत नाही, सर्टिफिकेट विकणाराच देतो, शोभेच्या झाडाने पिकाला काही होत नाही, आणि शंका असेल तर बी बुरशीनाशकात बुडवा. खाली एकाने अंगठा टाकून लिहिलंय, "भाऊ, काहीच व्हत नही!" माझी रोपवाटिका आहे म्हणून चौघांनी मला विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

थोड्या मालाचं आधी. पेरणीसाठी किंवा लागवडीसाठी बी-रोप आणायचं तर केंद्र सरकारचा २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश लागू होतो. तो १९१४ च्या कीड-रोग कायद्याखाली निघालेला आहे. माल निघण्याआधी आपल्याकडचा आयात परवाना हवा आणि मालासोबत तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. पाकिटात पाचच बिया आहेत म्हणून यातून सुटका नाही. मुळांना माती लागलेली असेल तर ते आणखी वाईट, कारण माती आणायलाच बंदी आहे.

आता सर्टिफिकेट. मेसेजसोबत त्याचा फोटोही आहे. मी मोठा करून पाहिला: दुकानाचा गोल शिक्का, 'क्वालिटी ओके', आणि झाडाच्या नावाच्या जागी 'मिक्स फ्लॉवर'. हे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नव्हे. ते निर्यात करणाऱ्या देशाची सरकारी वनस्पती संरक्षण संस्था देते, माल तपासून. त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव, नग किंवा वजन, माल कुठला, कोणाकडे चाललाय आणि कोणती प्रक्रिया केली, हे असतं. एखाद्या विशिष्ट रोगाबद्दल आपल्या देशाची अट असेल, तर ती पाळल्याचं लेखी निवेदनही. एवढं होऊन इथे उतरल्यावर आपले संगरोध अधिकारी पुन्हा तपासतात. काही रोपं आणल्यावरही ठरलेला काळ वेगळी वाढवून बघावी लागतात. पोस्टमनने पाकीट हातात दिलं म्हणजे एवढं सगळं झालं, असं नाही. ते नजरेतून सुटलं, एवढंच.

'शोभेच्या झाडाने पिकाला काय होणार?' हे वाक्य आपल्या भागात लिहावं म्हणजे कमाल आहे. जलपर्णी फुलांसाठीच आली. सातपुड्यात पसरलेली घाणेरी १९व्या शतकात कोलकात्याला बागेची शोभा म्हणून आणली होती. हे झालं तणांचं. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला. तो कसा शिरला यावर मी पैज लावणार नाही, पण नाव पपईचं असलं तरी तो जास्वंदीवर मजेत जगतो आणि कपाशीवरही. शहाद्याच्या पपईवाल्यांना एवढं पुरे. त्याला आवरायला २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणाव्या लागल्या.

आणि आपली केळी. पानावर पिवळे पट्टे, मग पोंगा सडतो. या रोगाला इकडे हरण्या म्हणतात. त्याचा विषाणू हजाराहून जास्त प्रकारच्या झाडांत राहतो, त्यात कर्दळ आहे, लिली आहे, आणि मावा तो झाडावरून झाडावर नेतो. हरण्या परदेशी कुंडीतून आला असं मी म्हणत नाही. सांगायचं इतकंच, की कुंडी आणि केळीचा बांध यांच्यामध्ये भिंत नसते.

बुरशीनाशकाचं दोन ओळींत उरकतो. कार्बेन्डाझिम बुरशीवर चालतं. बीच्या आतल्या विषाणूला त्याचं काही वाटत नाही. हरण्या लागलेलं झाड उपटण्याशिवाय आपण तरी काय करतो?

परवा एक दादा असंच पाकीट घेऊन आले. वर लिहिलेलं 'प्लास्टिकचे मणी', आत 'इंद्रधनुषी गुलाबा'चं बी. म्हटलं, दादा, असा गुलाब बी लावून येत नाही. पांढऱ्या फुलाचा देठ चिरून वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात ठेवतात. बिया बारीक, काळपट. गुलाबाच्या तर नव्हत्याच. न मागवलेली अशी पाकिटं २०२० मध्ये बऱ्याच देशांत घरोघरी आली होती, आणि त्या ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं होतं. दादांनी मात्र पैसे मोजले होते.

ते म्हणाले, "मग उकिरड्यावर टाकू?" अजिबात नको, तिथे तर ते हमखास उगवेल. पाकीट पुन्हा बंद केलं, वरचा कागद आणि पत्ता तसाच ठेवला, दुसऱ्या पिशवीत घातलं आणि त्यांना तालुका कृषी कार्यालयात पाठवलं. परदेशी जात हवीच असेल तर परवाना काढून आणणाऱ्याकडून घ्या आणि त्याच्याकडे दोन्ही कागद मागा. महाग पडेल, हे खरं आहे.