‘सर्व हक्क सोडले’ असं लिहून दिल्याने मूल दत्तक जात नाही

घटस्फोटित आईच्या दुसऱ्या नवऱ्याने तिचं मूल दत्तक घेण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा: मामेबहिणीच्या घटस्फोटाच्या वेळी कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने कोर्टात दिलेल्या अटींमध्ये) ‘मुलावरचे सर्व हक्क सोडले’ असं त्याच्या वडिलांनी लिहून दिलं आहे, गॅझेटमध्ये मुलाचं नाव बदललं आहे, शाळेनेही ते लावलं आहे. मग तिच्या दुसऱ्या नवऱ्याने दत्तक घेण्याचा खटाटोप कशाला? आणि सहा वर्षांत एक रुपया न देणाऱ्या माणसाची संमती का मागायची? मी बायकांना उगाच घाबरवतो, असंही तुम्ही लिहिलंत.

आधी त्या ओळीबद्दल. त्या ओळीने फार तर ताबा आणि भेटीचा प्रश्न मिटतो. बाप-मुलाचं नातं दोन पक्षांच्या कराराने तोडण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो आईलाही सोडून देता येत नाही. ‘पोटगी मागणार नाही’ असं तिने लिहून दिलं असलं तरी मुलाच्या वतीने आजही अर्ज करता येतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४). बालकल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करण्याची तरतूद आहे, पण ती मूल सांभाळणं शक्यच नसलेल्या पालकांसाठी. आईजवळ नांदत असलेल्या मुलाशी तिचा संबंध नाही.

गॅझेटने फक्त नाव बदलतं, पितृत्व नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते सांगितलं आहे आणि त्यात सावत्र आई-वडील येत नाहीत, असं तिथेच स्पष्ट केलं आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव काहीही असो, सावत्र वडील मृत्युपत्र न करता गेले तर हा मुलगा त्यांचा वारस ठरत नाही. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. घरातलं माणूस गेल्यावर हे कळावं, यासारखं दुःख नाही.

आता संमती. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, २०१० च्या दुरुस्तीपासून, आई आणि वडील दोघांनाही मूल दत्तक देण्याचा सारखाच अधिकार आहे, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरता येत नाही. अपवाद तीनच: दुसऱ्याने संन्यास घेतला असेल, हिंदू धर्म सोडला असेल किंवा न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल. घटस्फोट या यादीत नाही, पोटगी बुडवणंही नाही. ही तरतूद मलाही कठोर वाटते, इथे तुमचा राग रास्त आहे. पण ती आहे तशी धरूनच चालावं लागतं. कन्सेंट टर्म्समधल्या त्या ओळीला दत्तकाची संमती म्हणता येत नाही, कारण ती लिहिली तेव्हा मूल कोणाला द्यायचं हेच ठरलेलं नव्हतं. वडिलांनी दत्तकपत्रावरच संमतीची सही करावी आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांचं नोंदणीकृत पत्र असेल, तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतं (कलम १६). शिवाय मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालं पाहिजे. होम बंधनकारक नाही.

दुसरं लग्न केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि ते दत्तक देण्याचा अधिकार आहे, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल तुम्ही दिलात, तो खरा आहे, पण त्यातले वडील वारलेले होते. तिथे संमती कोणाची घ्यायची हा प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट माझ्या लेखात राहून गेली होती, ती तुमच्यामुळे लक्षात आली. दत्तक झाल्यावर जन्मदात्या वडिलांकडची पोटगी थांबते आणि त्यांच्या मागे मिळणारा वारसाहक्कही जातो. आधीच मुलाच्या नावावर झालेली मिळकत तेवढी राहते. वैध दत्तक रद्द करता येत नाही (कलम १५). उद्या हा दुसरा संसार मोडला तरी सावत्र वडीलच कायद्याने वडील राहतील. बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने हे शांतपणे बोलून मगच पुढे जावं.

मुलगा तेरा वर्षांचा आहे म्हणता, म्हणजे वेळ कमी आहे. हिंदू दत्तक कायद्याखाली रूढी नसेल तर पंधरा पूर्ण झाल्यावर दत्तक घेता येत नाही. तिच्या नवऱ्याला पहिल्या लग्नाचा मुलगा असेल तर आणखी एक मुलगा दत्तक घेता येणारच नाही (कलम ११). अशा वेळी बाल न्याय कायद्याची वाट आहे. तिथे अठरापर्यंत मुभा आहे, धर्माची किंवा स्वतःच्या मुलग्याची आडकाठी नाही, सावत्र पालकांना लग्नाला दोन वर्षं झाल्याची अटही नाही. दोघांनी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, कागदपत्रांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. जन्मदात्या वडिलांची संमती इथेही लागते, आणि ताब्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही.

वडील सही देणारच नसतील, तर सावत्र वडिलांनी मुलाच्या नावे स्पष्ट मृत्युपत्र करावं, विम्यात आणि बँकेत नामनिर्देशन करावं, आणि बहिणीने थकलेल्या पोटगीचा अर्ज लावावा.