वाटी म्हणे २४० ग्रॅमची! कुणाच्या घरची वाटी?

जवळजवळ दोन किलो भाजणी. काल पहिला घाणा काढला आणि झाऱ्यावरून तेलाची धारच लागली. चकली सोऱ्यातून पडतानाच तुटत होती, आणि जी अख्खी पडली ती कढईतलं तेल प्यायला बसली. एक लिटरची पिशवी संपली. (लिटर म्हणजे किलो नव्हे हं, पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. हेही मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.)

सासूबाईंची यादी सरळ होती. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक जाड पोहे. खरं बेळगावच्या रविवार पेठेत वाटी कुठं चालते? दुकानदार काट्याशी उभा, 'एष्ट केजी बेक्री?' म्हणजे किती किलो पाहिजे म्हणून विचारतोय. मागं चार गिऱ्हाइकं. काढला मोबाईल, एका ॲपला विचारलं. एक वाटी तांदूळ २४० ग्रॅम. डाळ २४०. पोहे? पोहेसुद्धा २४०! अरे बाबा, ते पाण्याचं वजन! पाणी आणि पोहे एका तागडीत घालणाऱ्या शहाण्यानं जन्मात कधी पोहे भिजवलेत काय? आज मुद्दाम काट्यावर घालून बघितलं. माझ्या वाटीत शिगोशीग भरून जेमतेम ७५ ग्रॅम बसले. म्हणजे मी तिप्पट पोहे भाजून गिरणीत नेले. गिरणीवाला बिचारा म्हणालाही, 'वैनी, पोहे लई दिसाल्यात की ओ.' मी त्यालाच सुनावलं, 'तुम्ही दळा हो, मी मोजून आणलंय.'

मोजून!

आणि ते कपवाले. अमेरिकेचा कप साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, जपानचा २००चा. त्यात मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅम, दाबला तर १५०, साखर २००. तरी लिहिणार काय, तर 'एक कप'. नणंदेनं मेलबर्नहून केकची कृती धाडली. तिचा टेबलस्पून २० मिलीचा, माझा १५चा. दोन वर्षं मी ओव्हनला शिव्या घातल्या. आणि आपल्या बायका तरी काय कमी? 'मोहन मुठीएवढं.' कुणाची मूठ? 'पाणी मावेल तेवढं.' कशात?

१९५६ साली आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, त्याच वर्षी दशमान वजनमापांचा कायदाही झाला. आमच्या घरात अजून दोन्ही पचलेलं नाही. सासूबाई आजही दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असं घडाघडा म्हणतात. काल त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, ताटातला एक तुकडा उचलला, पदराला तेल पुसलं.

'ग्रॅम कशाला करत बसलीस ग? वाटी लहान असू दे, मोठी असू दे, सगळं त्याच एका वाटीनं मापायचं. झालं की.'

'खरं दुकानात...'

'दुकानात कशाला? तांदूळ, डाळी, पोहे, सगळं डब्यात होतं की.'

होतं. डबे उघडून बघितले, चारही भरलेले. वाटी तर तांदळाच्या डब्यातच होती.

आता पंधरा दिवस थालीपीठं.